गोळी सुरू होते, मग थांबत का नाही?

आई घरी होती तेव्हा बऱ्यापैकी होती. स्वतः उठायची, देवाला फुलं वाहायची, फोनवर नातवंडांची नावं न चुकता घ्यायची. वृद्धाश्रमात ठेवल्यावर दोन महिन्यांत ती दिवसभर पेंगायला लागली, उठताना तोल जायला लागला, बोलता बोलता विषय सुटायला लागला. मुलांच्या नोकरीमागे पुण्या-सांगलीहून बंगळुरूला आलेल्या आईवडिलांबद्दल अशी हकीकत हल्ली अनेक मराठी घरांत ऐकू येते. तिच्यावरचा निष्कर्षही ठरलेला असतो: मन खचलं, घर सुटल्याचं दुःख सोसलं नाही.

मन खचतं, हे खरंच आहे. पण वृद्धांवर उपचार करणारे अनुभवी डॉक्टर अशा वेळी गोळ्यांची यादीही मागतात. घरी आई गोळ्या चुकवायची. सकाळची विसरायची, दुपारची नकोशी वाटून ठेवून द्यायची. तपासणीला गेल्यावर बीपी वाढलेलं दिसायचं, डॉक्टर डोस वाढवायचे, आणि तोही ती अर्धामुर्धाच घ्यायची. कागदावरचा डोस वाढत गेला, पोटात जाणारा जेमतेम तेवढाच राहिला. आश्रमात सिस्टर प्रत्येक गोळी वेळेवर, समोर उभं राहून देतात. कागदावरचा डोस पहिल्यांदाच पूर्ण शरीरात जातो. बीपी खाली येतं, साखर खाली येते, झोपेच्या गोळीचा अंमल दुपारपर्यंत उतरत नाही. काळजी नीट घेतली जाऊ लागली आणि त्यामुळेच प्रकृती उतरली, असा हा उलटा प्रकार असू शकतो.

यात सिस्टरची चूक नाही. तिने यादी पाळली. ती यादी इतकी लांब झाली कशी आणि ती कुणीच का तपासली नाही, हा खरा प्रश्न आहे.

तीच गोळी, पण शरीर वेगळं

गोळीवरचे मिलिग्रॅम चाळिशीतल्या माणसाला आणि पंच्याऐंशीच्या आजोबांना सारखेच असतात. बदललेलं असतं ते औषध बाहेर टाकणारं शरीर. चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता बहुतेकांत दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटत जाते. यकृतातून वाहणारं रक्तही कमी होतं. न्हाणीघराची मोरी अर्धी तुंबलेली असताना नळ पूर्वीइतकाच सोडून ठेवला तर पाणी साचणारच. रक्तातल्या औषधाचंही तसंच होतं. रोजचा डोस तोच, पण आदल्या दिवसाचा शिल्लक भाग त्यात मिसळत राहतो.

इथे एक फसगत होते. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन नॉर्मल दिसतं आणि घरचे निश्चिंत होतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. म्हातारपणी स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे मूत्रपिंडं निम्म्या ताकदीने चालत असली तरी आकडा ठीक दिसू शकतो. म्हणून वय धरून काढलेला ईजीएफआर हा आकडा पाहावा लागतो. बहुतेक लॅब तो आता रिपोर्टमध्येच छापतात.

शरीरातलं पाणी आणि स्नायू घटले की चरबीचं प्रमाण वाढतं, आणि काही औषधं चरबीत मुरतात. डायझेपाम हे त्याचं ठळक उदाहरण. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की विशीतल्या माणसाच्या रक्तातलं डायझेपाम निम्म्यावर यायला सुमारे २० तास लागतात, ऐंशीच्या माणसात सुमारे ९० तास. म्हणजे आज रात्री गोळी घेणाऱ्या आजींच्या अंगात कालची, परवाची आणि त्याआधीचीही थोडी असते. सकाळी त्या ‘सुस्त’ असतात याचं नवल काय!

मेंदूही जास्त हळवा झालेला असतो. ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, पोटदुखीवरचं डायसायक्लोमिन, ट्रायहेक्सिफेनिडिल ही वरवर एकमेकांशी संबंध नसलेली औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन नावाच्या एकाच रसायनाचं काम अडवतात. आठवण आणि लक्ष यांना ते रसायन लागतं. तरुणाला तोंड कोरडं पडण्यावर निभावतं. ऐंशीच्या माणसाला बद्धकोष्ठ होतो, लघवी तुंबते, वेळ-काळाचं भान सुटतं. घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’

उभं राहताना रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून ते लगेच सावरतं. म्हाताऱ्या शरीराला तेवढी चपळाई नसते, आणि बीपीच्या गोळ्या उरलीसुरलीही काढून घेतात. पहाटे लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खुब्याचं हाड मोडतं. आश्रमात बीपी बहुधा बसवून किंवा झोपवून मोजलं जातं. उभं करून, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजलं तर किती पडझडी टळतील! त्याला यंत्र नवं लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

साखरेचंही तसंच. अशक्त, परावलंबी माणसाची एचबीएवनसी (साखरेची सरासरी पातळी) सातच्या आत आणण्याचा हट्ट आता मधुमेहतज्ज्ञ धरत नाहीत. आठच्या आसपासही ते समाधानी असतात. साखर वाढल्याचा त्रास वर्षांच्या हिशेबाने होतो, उतरल्याचा मिनिटांच्या. आणि साखर उतरल्यावर तरुणाला घाम फुटतो, थरथर होते. वृद्धाला कित्येकदा नुसता गोंधळ होतो.

एका गोळीपाठोपाठ दुसरी

ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी आपल्याकडे घरोघरी असते. ती घेणाऱ्या काहींचे घोटे सुजतात. ही सूज बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे येते, अंगात पाणी जास्त झाल्यामुळे नाही. पण सूज दिसली की लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. सूज फारशी हटत नाही. रात्री चार वेळा उठावं लागतं, सोडियम-पोटॅशियम उतरतं, पोटॅशियमचं सिरप येतं, झोप मोडते म्हणून झोपेची गोळी येते. मूळ गोळी बदलली असती किंवा डोस कमी केला असता तर या तिन्हींची गरज नव्हती. कॅनडातल्या डॉ. पॉला रोशॉन आणि अमेरिकेतले डॉ. जेरी गुरविट्झ यांनी १९९०च्या दशकात या साखळीकडे वैद्यकविश्वाचं लक्ष वेधलं: औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यावर नवं औषध दिलं जातं.

आपल्याकडच्या एका साखळीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. ‘चक्कर येते’ म्हटलं की सिनारिझिन मिळतं, आणि काही दिवसांसाठी दिलेलं ते वर्षानुवर्षं चालू राहतं. ‘गॅस होतो, पित्त होतं’ म्हटलं की पित्ताच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड असलेली एकत्रित कॅप्सूल मिळते. ही दोन्ही औषधं मेंदूतल्या डोपामिनला अडवतात. काही महिन्यांनी वृद्धाची चाल मंदावते, हात थरथरतात, चेहरा कोरा होतो. हे थेट पार्किन्सनसारखं दिसतं, आणि डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा सुरू होतं. लेव्होडोपाने उभं राहताना बीपी उतरतं, कधी भास होतात. भासांवर मानसिक आजाराचं औषध येतं, आणि तेही डोपामिनच अडवतं. एक औषध ज्याला वाढवतं त्यालाच दुसरं अडवतं, आणि मधला माणूस खाटेला खिळतो. यातलं दुःखद हे की सुरुवातीचं औषध थांबवल्यावर अशी लक्षणं अनेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. पण त्यासाठी कुणीतरी ‘ही कॅप्सूल कशासाठी चालू आहे?’ असं विचारावं लागतं.

पाच औषधं असली तर त्यांच्या आपसांत १० जोड्या होतात. दहा असली तर ४५, बारा असली तर ६६. यातली प्रत्येक जोडी घातक नसते. पण बारा औषधं एकत्र घेणाऱ्या पंच्याऐंशीच्या माणसावर चाचणी क्वचितच झालेली असते. औषधांच्या चाचण्यांतून अशा लोकांना बहुधा वगळलेलंच असतं.

यादी कुणाची?

समजा, सांगलीचे एक निवृत्त शिक्षक मुलाकडे बंगळुरूला आले आणि पुढे हेन्नूर किंवा बन्नेरघट्टा रोडवरच्या एखाद्या केअर होममध्ये दाखल झाले. त्यांच्या फायलीत सांगलीच्या फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्या आहेत, पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आहेत, बंगळुरूच्या रुग्णालयातल्या डिस्चार्ज कार्डावरच्या आहेत. आपल्याकडे चिठ्ठीवर बहुधा ब्रँडचं नाव असतं. त्यामुळे सांगलीचं टेल्मिसार्टन एका नावाने आणि बंगळुरूचं टेल्मिसार्टन दुसऱ्या नावाने चालू राहू शकतं, आणि डबी भरणाऱ्या ब्रदरला त्या दोन वेगळ्या गोळ्या वाटतात. आयसीयूत असताना पोटाला जखम होऊ नये म्हणून दिलेली पित्ताची गोळी आणि वॉर्डातल्या गोंगाटात झोप लागावी म्हणून दिलेली झोपेची गोळी डिस्चार्ज कार्डातून यादीत शिरते. आयसीयू मागे पडतं, गोळी पुढे चालू राहते.

ही गोळी थांबवायची कुणी? हृदयरोगतज्ज्ञ मेंदूतज्ज्ञांच्या गोळीला हात लावत नाहीत. आश्रमात फेरीला येणारे डॉक्टर मोठ्या रुग्णालयाच्या चिठ्ठीत बदल करायला कचरतात. मुलगा म्हणतो, ‘बंद केलं आणि काही झालं तर?’ मुलगी परदेशात असेल तर तिची भीती आणखी मोठी; दूर राहून आपण निदान औषधं तरी पुरी देतो आहोत, एवढाच तिला आधार असतो. या भीतीला मी कमी लेखत नाही. गोळी सुरू करताना झालेलं नुकसान कुणाच्या नावावर पडत नाही, थांबवताना झालेलं मात्र लगेच पडतं.

आणि आश्रमाचा तक्ता पाहा. गोळीचं नाव असतं, मिलिग्रॅम असतात, १-०-१ असतं, जेवणाआधी की नंतर हे असतं. ती गोळी कशासाठी आहे आणि कधीपर्यंत आहे, हे दोन रकाने त्यात नसतात. माझ्या मते वृद्धांच्या अनावश्यक औषधांचं बहुतेक सगळं मूळ या दोन नसलेल्या रकान्यांत आहे.

महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटनेने अनावश्यक इंजेक्शनं, सलाइन आणि टॉनिकांविरुद्ध कित्येक वर्षं जागृती केली. तो झगडा मुळात चुकीच्या औषधाशी होता. वृद्धाश्रमातला प्रश्न त्यापेक्षा अवघड आहे. इथली गोळी बऱ्याचदा सुरू केली तेव्हा अगदी बरोबर होती.

‘चिडतात’ म्हणून दिलेली गोळी

डिमेन्शिया असलेल्या माणसाच्या नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी विरतात, मायबोली उरते. इंग्रजीत आयुष्यभर नोकरी केलेले आजोबा शेवटी फक्त मराठी बोलतात. भोवतालचे कर्मचारी कन्नड, तमिळ, हिंदी किंवा ओडिया बोलणारे. ‘पोट साफ होत नाही’, ‘लघवीला जळजळतं’, ‘गुडघा ठणकतोय’ हे कुणालाच कळत नाही. मग ते ओरडतात, आंघोळ घालणाऱ्याचा हात झटकतात. रजिस्टरमध्ये नोंद होते: रात्री आक्रमक. पुढच्या फेरीत रिस्पेरिडोन किंवा क्वेटियापिनसारखं मानसिक आजाराचं औषध सुरू होतं. आजोबा शांत होतात. बद्धकोष्ठ तसाच राहतो.

या औषधांना जागा आहे. भास फार छळत असतील, स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, तेव्हा ती थोड्या काळासाठी लागतात. पण त्यांची किंमत मोठी आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २००५ मध्ये १७ चाचण्यांच्या आधारे इशारा दिला की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधंही त्या इशाऱ्यात आली. ब्रिटनमध्ये प्रा. क्लाइव्ह बॅलर्ड यांच्या गटाने ही औषधं घेणाऱ्या १६५ आश्रमवासींची विभागणी केली. काहींची औषधं चालू ठेवली, काहींना नुसत्या दिसायला तशा गोळ्या दिल्या. २००९ साली निकाल छापून आला: दोन वर्षांनी औषध चालू असलेल्यांपैकी ४६ टक्के हयात होते, थांबवलेल्यांपैकी ७१ टक्के.

नॉर्वेत बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. डिमेन्शिया असलेल्या आणि अस्वस्थ वागणाऱ्या ३५२ आश्रमवासींपैकी निम्म्या गटाच्या दुखण्यावर पद्धतशीर उपचार केले, आणि त्यातल्या बहुतेकांना पॅरासिटामॉलच पुरलं. आठ आठवड्यांत त्या गटातली अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. २०११ चा हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण अस्वस्थ माणूस काहीतरी सांगत असतो हे त्याने आकड्यांत दाखवलं.

बंगळुरूतल्या मराठी कुटुंबांना इथे एक काम लगेच करता येईल. दुखतंय, जळजळतंय, संडासला, लघवी, पाणी, थंडी, नको: असे वीसेक शब्द कन्नड लिपीत अर्थासह लिहून खाटेजवळ लावावेत. गोळी सुरू करण्याआधी दुखणं, पोट, लघवी, कानातलं यंत्र आणि चष्मा तपासले का, हे विचारावं.

थांबवायची ती कशी

ऑस्ट्रेलियातल्या डॉ. मायकेल वुडवर्ड यांनी २००३ मध्ये औषधं विचारपूर्वक उतरवण्याच्या या कामाला वैद्यकीय नाव दिलं. त्याआधीच, १९९१ मध्ये, अमेरिकेतले डॉ. मार्क बिअर्स यांनी वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी तयार केली होती, आणि ती मुळात आश्रमवासींसाठीच होती. ती वेळोवेळी सुधारली जाते. २०२३ मध्येही सुधारली गेली. आयर्लंडमधल्या कॉर्कची ‘स्टॉप-स्टार्ट’ यादी २००८ ची. तिच्यात द्यायला हवीत पण राहून जातात अशी औषधंही आहेत. या याद्या बंदीहुकूम नाहीत. इथे थांबून विचार करा, एवढंच त्या सांगतात.

पहिलं काम, माणूस जे जे घेतो ते सगळं एका टेबलावर मांडायचं: गोळ्या, डोळ्यांचे थेंब, मलम, चूर्ण, काढा, केमिस्टकडून परस्पर आणलेलं सगळं. प्रत्येकासमोर कारण लिहायचं. कारण सापडत नाही ती पहिली उमेदवार.

कारण सापडलं तरी दुसरा प्रश्न उरतो: या औषधाचा फायदा कधी मिळणार? हृदयविकार कधीच न झालेल्यांत स्टॅटिनमुळे शंभरातल्या एकाचा झटका किंवा पक्षाघात टळायला सुमारे अडीच वर्षं लागतात. अंथरुणाला खिळलेल्या, शेवटच्या वर्षात असलेल्या माणसाला ती गोळी काय देणार? ॲस्पिरिनचंही तसंच. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वृद्धांवरच्या ‘ॲस्प्री’ चाचणीत, आधी हृदयविकार नसलेल्यांना ॲस्पिरिनचा फायदा दिसला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. निकाल २०१८ मध्ये आले. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी हे वाचून ॲस्पिरिन सोडू नये.

मग एका वेळी एकच औषध, हळूहळू उतरवत. सगळी एकदम कमी केली तर काय बिघडलं, काय सुधारलं हे कळणारच नाही. पित्ताच्या गोळीचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. ती बहुतेकांना चार ते आठ आठवडेच लागते. पण अचानक थांबवली की दबलेलं आम्ल उसळून येतं. डेन्मार्कमध्ये २००९ साली पित्ताचा काहीही त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे ही गोळी देऊन थांबवली, तर ४४ टक्क्यांना नंतर जळजळ झाली. नुसती दिसायला तशी गोळी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. ही जळजळ काही आठवड्यांची असते. ते आधी सांगितलं नाही तर ‘बघा, गोळी लागतेच’ असं म्हणून ती पुन्हा सुरू होते.

> चौकट: ही औषधं स्वतःच्या मनाने कधीही एकदम थांबवू नका
>
> झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम): एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते, आठवडे किंवा महिने घेऊन उतरवतात.
>
> मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, क्लोनिडिन: छातीत दुखणं, बीपी उसळणं.
>
> स्टेरॉइड, फिटची औषधं, लेव्होडोपा, नैराश्यावरची औषधं, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधं: डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बदल नाही.

रुग्णाला विश्वासात घेतलं तर हे जमतं. कॅनडात डॉ. कारा टॅननबॉम यांनी झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना साध्या भाषेतली पुस्तिका दिली. गोळीचे धोके आणि ती कशी पायरीपायरीने सोडायची याचं वेळापत्रक तिच्यात होतं. सहा महिन्यांत २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. इस्राएलमध्ये डॉ. डोरॉन गारफिंकल यांनी ११९ परावलंबी वृद्धांची ३३२ औषधं थांबवली आणि त्यांतली सुमारे १० टक्केच पुन्हा सुरू करावी लागली. तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेला नव्हता, म्हणून त्यातल्या मृत्युदराच्या आकड्यांवर मी भर देत नाही. युरोपातल्या ‘ओपेराम’ या दोन हजारांवर वृद्धांच्या मोठ्या चाचणीत औषधं तपासून कमी केल्याने रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. औषधं कमी केल्याने इजा झाल्याचंही दिसलं नाही. चमत्कार होईल असं म्हणणं खोटं ठरेल. कमी पेंग, कमी पडझड, जेवणाआधी मूठभर गोळ्या गिळण्यातून सुटका, एवढ्यासाठीसुद्धा हे करण्यासारखं आहे.

बंगळुरूत हे कोण करील?

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतरच्या नियमांनुसार नर्सिंग होममधल्या प्रत्येक रहिवाशाची औषधं फार्मासिस्टने दर महिन्याला तपासावी लागतात. आपला ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चा. त्यात जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रमांची तरतूद आहे, औषधांच्या आढाव्याची नाही. वृद्धवैद्यकाचे तज्ज्ञ थोडे आहेत; या विषयाचा देशातला पहिला एमडी अभ्यासक्रम मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये सुरू झाला. बंगळुरू त्या मानाने सुदैवी. सेंट जॉन्समध्ये वृद्धवैद्यक विभाग आहे, निम्हान्समध्ये वृद्धांच्या मानसोपचाराची सोय आहे. बारा गोळ्यांची यादी घेऊन वर्षातून एकदा तरी अशा ठिकाणी जावं.

पण रोजच्या कामाला माणूस आश्रमातच हवा. भारतात २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ही मुलं रुग्णाशेजारी उभं राहून औषधं तपासायला शिकतात, आणि बंगळुरूत असे विद्यार्थी पुष्कळ आहेत. रुग्णालयांबरोबर त्यांची एक फेरी केअर होममध्ये का नसावी? सुरुवात झोपेच्या आणि पित्ताच्या गोळ्यांपासून करता येईल. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. केमिस्टला त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. म्हणजे कुठल्या आश्रमात किती झोपेच्या गोळ्या जातात, ही माहिती कुठेतरी लिहिलेली आहेच. दुष्परिणामाचा संशय आला तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर कुटुंबीयांनाही कळवता येतं.

कुटुंबाने मात्र दाखल करण्याच्या दिवशीच तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तक्त्यात प्रत्येक गोळीपुढे कारण आणि मुदत, दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक डिस्चार्जनंतर यादी नव्याने तपासली जाईल याची हमी, आणि त्या तपासणीवर सही करणाऱ्या डॉक्टरांचं नाव.